खालची कवळी का हलते?

नवी कवळी घेऊन घरी गेलेल्या माणसाची पहिल्या आठवड्यातली तक्रार बहुधा एकच असते. वरची छान बसलीय, खालची मात्र बोलताना उचलते आणि जेवताना सरकते. दोन्ही कवळ्या एकाच डॉक्टरांनी एकाच साहित्यातून बनवलेल्या, मग हा दुजाभाव का?

काचेच्या दोन पट्ट्या घ्या. मध्ये पाण्याचा थेंब टाकून त्या एकमेकींवर दाबा. आता सरळ ओढून वेगळ्या करायला गेलात तर होत नाहीत, बाजूला सरकवल्या की लगेच सुटतात. वरची कवळी टाळूला धरून राहते ती अशीच. थेंबाच्या जागी लाळेचा थर असतो. तो जितका पातळ आणि टेकायची जागा जितकी मोठी, तितकी पकड घट्ट. त्यातून कवळीची कड सगळीकडे मऊ त्वचेला नीट टेकली, तर आत हवा शिरत नाही. 'आ' म्हटल्यावर टाळूचा मागचा मऊ भाग हलतो. तो जिथून हलायला लागतो, तिथे कवळीची मागची कड किंचित दाबून बसेल अशी करतात. ही कड अलीकडे राहिली तर कवळी सुटते, फार मागे गेली तर उमासे येतात.

खाली टाळूच नाही. घोड्याच्या नालेसारखी चिंचोळी हिरडी, तीही जीभ आणि गाल यांच्या कचाट्यात. वर टेकायला साधारण 23 चौरस सेंटीमीटर जागा मिळते, खाली जेमतेम 12. जीभ हलली की कड उचलली जाते, हवा शिरते आणि पकड गेली. भरीला हाडाची झीज. दात गेले की त्यांना धरून ठेवणारं हाड विरघळू लागतं, पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने. दंतसंशोधक टालग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा 25 वर्षांचा मागोवा 1972 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात खालचं हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजलेलं आढळलं.

त्यामुळे खालच्या कवळीचं भवितव्य मुख्यतः माप घेतानाच ठरतं. आधी ढोबळ माप घेऊन प्लास्टरचा साचा करतात. त्या साच्यावर फक्त त्या एका तोंडासाठी नेमकं माप घ्यायचा ॲक्रिलिकचा (कडक प्लास्टिकचा) ट्रे बनतो. मग ट्रेच्या कडेला हिरव्या काडीचं मेणासारखं कंपाउंड गरम करून लावतात आणि ते मऊ असतानाच ओठ-गाल ओढायला, जीभ बाहेर काढायला, गिळायला सांगतात. स्नायू जिथपर्यंत येतात तिथपर्यंतच कड राहते. हे काम वेळखाऊ आहे आणि घाई झाली की ती हमखास इथेच होते. कड लांब राहिली तर स्नायू कवळी उचलून टाकतात आणि हिरडीला जखम होते. आखूड राहिली तर आधीच तोकडी असलेली जागा आणखी कमी होते.

पुढचा प्रश्न कवळीच्या उंचीचा. जबडा सैल सोडल्यावर वरच्या-खालच्या दातांत 2 ते 4 मिलिमीटर फट राहायला हवी. उंची जास्त झाली तर बोलताना दात एकमेकांवर आपटतात आणि हिरड्या ठणकतात. कमी झाली तर हनुवटी नाकाकडे सरकते, ओठांच्या कोपऱ्यात लाळ साचते, तिथे चिरा पडतात आणि बुरशी धरते. मेणात दात लावून चाचणी घेतात तेव्हा एकसष्ट ते अडुसष्ट मोठ्याने म्हणून पाहावं. 'स' म्हणताना पुढचे दात अगदी जवळ यावेत, पण आपटू नयेत. चमच्यातला 'च' आणि जहाजातला 'ज' (चहातला आणि जेवणातला नव्हे) इथेच तपासून घ्यावेत. चेहरा कसा दिसतो ते सांगायला या चाचणीला घरचं माणूस सोबत न्या, कारण मेणातला दात हलवता येतो, ॲक्रिलिक पक्कं झाल्यावर तो तसा हलत नाही.

कवळीची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच असते. सुरुवातीला मऊ भात, आमटीत कुस्करलेली भाकरी असं खावं. घास छोटा घ्यावा आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावावा. पेरू पुढच्या दातांनी तोडायला गेलात तर वरची कवळी मागून उचकटते. खालचीसाठी जिभेला वळण लावावं लागतं. जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांना आतून हलकं टेकलेलं असावं. जीभ मागे ओढून बसायची सवय असेल, तर उत्तम मापाची कवळीही तरंगते. तोंड कोरडं पडत असेल तर चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबावरच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी लाळ कमी होते.

हिरडीला टोचलं तर घरी कानस-सँडपेपर लावू नका. भेटीच्या आधी काही तास कवळी घालूनच ठेवा, म्हणजे लाल डाग दिसतो आणि नेमकी तेवढीच जागा घासता येते. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. रात्रंदिवस घातली तर टाळू लालभडक होऊन कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते. उकळत्या पाण्याने ॲक्रिलिक वाकतं, टूथपेस्टने त्यावर चरे पडतात. मऊ ब्रश आणि पातळ साबण पुरे. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, कारण बऱ्याच कवळ्या तोंडात नव्हे, हातातून निसटूनच तुटतात.

हिरडी झिजली की कवळी आतून सैल होते. तेव्हा चिकट क्रीमचा थर वाढवत न बसता आतून नवं अस्तर लावून घ्यावं. हाड फारच सपाट झालं असेल तर खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट (हाडात रोवायचे कृत्रिम खुंट) बसवून त्यांवर कवळी टिचबटणासारखी अडकवतात. 2002 मध्ये माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी पूर्ण दंतहीन खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय मानावा असं म्हटलं. सांगलीत काय नि पुण्यात काय, हा खर्च प्रत्येकाला झेपत नाही, हे खरं. पण चांगली बनलेली जुनी कवळी बहुतेकदा फेकावी लागत नाही. इम्प्लांट हाडात पक्के झाले की तिच्याच आतल्या बाजूला पोकळी करून बटणांच्या टोप्या बसवता येतात.