एक प्रश्न आणि दोन ओळींचं पत्र

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात कुणी साधा गुडघा दाखवायला गेला, तरी ‘जीव नकोसा वाटतो का’ हे त्याला विचारलं जाऊ शकतं. २०१८ पासून हा प्रश्न तिथल्या नेहमीच्या तपासणीत येत गेला. तो विचारायला डॉक्टरांना फार वर्षं लागली.

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांची धडधड जेकब डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये नोंदवली, ती हृदयाचा विकार म्हणून. पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’, म्हणजे लढाईच्या धक्क्याने मन कोलमडणं, हा शब्द आला. व्हिएतनामहून परतलेल्यांनी मात्र डॉक्टरांची वाट पाहिली नाही. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ते आपापसांत बोलायला जमू लागले. रॉबर्ट लिफ्टन आणि खाइम शॅटन हे मनोविकारतज्ज्ञ तिथे जाऊन बसत, ते मुख्यतः ऐकायला. १९८० मध्ये ‘पीटीएसडी’ (भयंकर आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार) हे अधिकृत निदान झालं, त्यामागे या बैठकांचा मोठा वाटा होता.

दुखण्याला नाव मिळालं, तरी आत्महत्यांची देशभरची नीट मोजणी नव्हती. इराकहून परतलेला आयोवाचा जोशुआ ओमविग २००५ च्या डिसेंबरात आत्महत्येने गेला, अवघ्या बाविसाव्या वर्षी. त्याच्या नावाचा कायदा नोव्हेंबर २००७ मध्ये झाला आणि माजी सैनिकांच्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात आत्महत्या प्रतिबंधासाठी खास समन्वयक नेमणं बंधनकारक ठरलं. पुढच्याच वर्षी ही रुग्णालयं चालवणाऱ्या माजी सैनिकांच्या सरकारी खात्यातला एक ईमेल उघडकीस आला. उपचार घेणाऱ्यांपैकी महिन्याला सुमारे एक हजार जण आत्महत्येचा प्रयत्न करतात, असं त्यात होतं. मजकुराची सुरुवात होती: ‘श्श!’ लिहिणारे खात्याच्या मानसिक आरोग्य विभागाचे प्रमुख होते, स्वतः डॉक्टर.

मग आकडा आला, आणि तो इतका गाजला की टी-शर्टांवर छापला गेला. ‘रोज २२’ माजी सैनिक आत्महत्या करतात. तो होता २०१२ च्या अहवालातला, फक्त २१ राज्यांच्या नोंदींवर बेतलेला अंदाज. पुढे मोजणी सुधारली. २०२२ मध्ये ६,४०७ माजी सैनिकांनी आत्महत्या केल्या, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा. त्यातले निम्म्याहून अधिक जण नजीकच्या काळात खात्याच्या दवाखान्याची पायरी चढलेच नव्हते. माझ्या मते ‘२२’ पेक्षा ही गोष्ट जास्त सांगायला हवी होती, कारण दवाखान्यात बसून राहणाऱ्या डॉक्टरला हे लोक भेटणारच नव्हते.

जे भेटतात त्यांच्याशीही काय बोलायचं? माजी सैनिकांच्या आत्महत्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंत बंदूक असते, म्हणून डॉक्टर ती घरात कशी ठेवलीय हे विचारतात आणि कुलूप देऊ करतात. हे सोपं नाही: फ्लोरिडात २०११ मध्ये डॉक्टरांच्या अशा प्रश्नांवरच कायद्याने बंधनं आली होती, ती २०१७ मध्ये न्यायालयाने बहुतांशी उठवली. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी रुग्णासोबत बसून ‘सुरक्षा योजना’ लिहिण्याची पद्धत आणली: वाईट क्षण जवळ आल्याची खूण कोणती, तेव्हा काय करायचं, कुणाला फोन करायचा. तातडीच्या विभागातून घरी जाणाऱ्यांना ही योजना आणि नंतर विचारपूस करणारे फोन मिळाले, तेव्हा सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. हा अभ्यास २०१८ चा.

माजी सैनिकांसाठी फोनची हेल्पलाइन जुलै २००७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनन्डेग्वा इथे सुरू झाली. आता तिथे ९८८ लावून १ दाबायचा. आपल्याकडे १ डिसेंबर २०२३ ला पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) सैन्यदलांसाठी ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा खास कक्ष उघडला. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा क्रमांक मात्र सगळ्यांसाठी आहे, चोवीस तास.

सगळ्यात साधा उपाय सगळ्यात जुना निघाला. जेरोम मोटो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात ट्रक चालवत. एक ओळखीची मुलगी त्यांना पत्रं पाठवी, उत्तराची अपेक्षा न ठेवता. पुढे ते सॅन फ्रान्सिस्कोत मनोविकारतज्ज्ञ झाले. रुग्णालयातून घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांपैकी काहींना त्यांनी १९६९ पासून पाच वर्षांत प्रत्येकी २४ पत्रं पाठवली. मजकूर दोनच ओळींचा: तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, लिहावंसं वाटलं तर लिहा. पहिल्या दोन वर्षांत पत्रं मिळणाऱ्यांत आत्महत्या कमी झाल्या. २०२० पासून खातं हेल्पलाइनला फोन करणाऱ्या माजी सैनिकांना अशीच पत्रं पाठवू लागलं.