डीआरपी म्हणजे दुसरी इंटर्नशिप नव्हे

शिरपूरच्या लग्नात, भर पंगतीत मामांनी विचारलं, "डाक्टर व्हयनी ना तू? मंग आते परत शिकाले काबर?" मामांचं सोडा, आमच्या ऑफिसातल्या बाबूनेही माझ्या डीआरपीच्या, म्हणजे जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांच्या, पत्रावर 'इंटर्न' असंच टाकलं होतं.

इंटर्नशिप सगळ्यांना ठाऊक आहे. एमबीबीएसची शेवटची परीक्षा सुटली की बारा महिने, तात्पुरती नोंदणी, आज मेडिसिन तर पुढे सर्जरी, रक्ताचे नमुने घेऊन लॅबकडे पळणं. पुढे.

डीआरपी, म्हणजे डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम, एमडी-एमएस करणाऱ्या रेसिडेंटसाठी आहे. नियम २०२० चा, लागू २०२१ च्या बॅचपासून. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे. तिथे किमान १०० खाटा हव्यात अशी अट होती, २०२३ मध्ये ती ५० वर आणली. विद्यावेतन आपलं कॉलेजच देतं. बाँड ही तिसरीच भानगड. ती शिक्षण संपल्यावरची नोकरी, तिला यात कालवू नका.

खरा घोळ वेगळाच आहे. 'शिकाऊ डॉक्टर गावी गेले' एवढं छापून पेपरवाले मोकळे होतात ('शिकाऊ' या शब्दाची मला चीड आहे), आणि मागे वॉर्डात काय होतं ते कुणी बघत नाही. इंटर्न बाहेर गेला तर कामाचे दोन हात कमी होतात. सलाइन उशिरा लागते, आम्ही कुरकुरतो, चालून जातं. रेसिडेंट गेला की एमबीबीएसच्या पोरांचा मास्तर जातो. सरांचा राउंड तासाभरात आटोपतो. त्यानंतर पोरांचा हात धरून 'इथे दाब, आता श्वास घ्यायला सांग, प्लीहा बोटाला लागली का?' हे जेआर-टूच, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंटच, करतो. तो तीन महिने नसला की उरलेल्याच्या ड्यूट्या दुप्पट होतात, आणि पहिली काट बसते ती पोरांच्या केस प्रेझेंटेशनला.

म्हणून डीआरपी बंद करा, असं मी म्हणणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याला सिकलसेल या रक्ताच्या आजाराची इतकी लेकरं येतात की पुस्तकातलं पान तिथे रोज डोळ्यांसमोर उभं राहतं. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये मेडिकल कॉलेजं झाली, तरी चोपडा-शहाद्याकडच्या पेशंटला फिजिशियन जवळ मिळालेला बराच. माझं म्हणणं एवढंच, की एका युनिटचे दोघे एकदम पाठवू नका. आमच्याकडे पाठवले.

माझ्या डीआरपीच्या तिसऱ्या आठवड्यात युनिटमधल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला, "मॅडम, केस कुणाला दाखवू?" दुपारची ओपीडी उरकली होती. म्हटलं, सांग. तिने सगळी हिस्ट्री फोनवर सांगितली. प्लीहा किती बोटं लागते विचारलं तर म्हणाली, "तीन वाटतात, पण कोणी बघितलं नाही."