भूमिकाखेळातील कॅम्पेन व गेम मास्टर

टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल, फासे आणि मुख्यतः बोलणे एवढ्या भांडवलावर खेळल्या जाणाऱ्या कल्पित भूमिकाखेळात एकच जग आणि बहुधा तीच पात्रे घेऊन अनेक बैठकी चालणाऱ्या खेळाला कॅम्पेन म्हणतात. ते जग सांभाळणारा, खेळाडूंची पात्रे सोडून उरलेल्या सगळ्यांच्या तोंडून बोलणारा आणि नियमांचा निवाडा करणारा तो गेम मास्टर. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (रूढ नाव डी अँड डी) या खेळात त्याला डंजन मास्टर किंवा डीएम म्हणतात. ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये (१९८१) तोच कीपर होतो आणि ‘व्हँपायर : द मास्करेड’मध्ये (१९९१) स्टोरीटेलर. कामाची वाटणी मात्र बरीचशी सारखीच असते. आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतो, त्यातून पुढे काय होते ते गेम मास्टर सांगतो, आणि निकाल खरोखर अनिश्चित असेल तिथे फासा टाकला जातो.

गेम मास्टर म्हणजे कथेचा लेखक, असा समज नवख्यांत सर्रास आढळतो. इतिहास पाहता ही भूमिका पंचाच्या खुर्चीतून आलेली आहे, आणि नवे कॅम्पेन सुरू करताना पडणारे बहुतेक पेच त्या खुर्चीत बसून पाहिले की सुटतात.

पूर्वपीठिका

प्रशियाच्या सैन्यातील लेफ्टनंट राइसविट्झ याने १८२४ मध्ये क्रीग्सश्पील या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंचे अधिकारी आपले हुकूम पंचाकडे देत. कोणाला काय दिसते, हुकूम कधी पोहोचतो, गोळीबारात किती माणसे पडतात हे पंच नकाशा, तक्ते आणि फासे यांच्या आधारे ठरवी. पुढे तक्त्यांचा जाच होऊ लागला, तेव्हा १८७६ मध्ये युलियस फोन फेर्डी दु व्हेर्न्वा याने ते बाजूला ठेवून जाणत्या पंचाच्या समजुतीवर खेळ चालवावा, अशी बाजू मांडली. पुस्तकातला नियम मोठा की पंचाची समज, यावर आजही गेम मास्टर मंडळी हमरीतुमरीवर येतात. त्या भांडणाचे वय हे एवढे आहे.

चार्ल्स टॉटन या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचा ‘स्ट्रॅटेगोस’ (१८८०) हा ग्रंथ मिनेसोटातील डेव्हिड वेसली याच्या हाती लागला. खेळाडूने काहीही करून पाहावे आणि ते जमले की नाही हे पंचाने ठरवावे, ही कल्पना त्याने तिथून उचलली. १९६९ मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातील ब्राउनश्टाइन नावाचे एक जर्मन गाव मांडले आणि दोन सेनापतींखेरीज इतर खेळाडूंनाही गावचा महापौर, विद्यार्थ्यांचा पुढारी अशा भूमिका दिल्या. लढाई राहिली बाजूला. खेळाडू कोपऱ्यात जाऊन आपसांत कट शिजवू लागले, एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान देऊ लागले. प्रयोग फसला असे वेसलीला वाटले. खेळाडू मात्र पुन्हा कधी, म्हणून त्याच्या मागे लागले.

त्या खेळाडूंपैकी डेव्ह आर्नेसन याने ब्लॅकमूर हे कल्पित जग उभे केले आणि १९७२ च्या अखेरीस ते विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा येथे गॅरी गायगॅक्स याला दाखवले. गायगॅक्सने जेफ पेरनसह लिहिलेल्या ‘चेनमेल’ (१९७१) या मध्ययुगीन युद्धखेळाला जादू आणि राक्षसांची पुरवणी होतीच. दोघांच्या मेळातून १९७४ मध्ये डी अँड डी बाहेर आला. एका खोक्यात तीन पुस्तिका आणि पहिल्या छपाईच्या प्रती १,०००. या पुस्तिकांत गेम मास्टरला रेफरी म्हटले आहे. एका कॅम्पेनमध्ये ४ ते ५० खेळाडू चालतील आणि साधारण २० खेळाडूंमागे एक रेफरी असावा, असे त्या सांगतात. म्हणजे तेव्हाचे कॅम्पेन हा एक अख्खा क्लब होता. कोण कधी येईल याचा नेम नसे. जग मात्र जागच्या जागी असे. आज तीन ते पाच ठरलेले खेळाडू हा शिरस्ता आहे.

आरंभ

१९७४ चा सल्ला दांडगा होता. रेफरीने खेळापूर्वी भुयाराच्या किमान सहा मजल्यांचे नकाशे काढावेत, त्यात राक्षस वसवावेत, खजिना पेरावा आणि कुठे काय आहे याची टिपणे ठेवावीत. वीसेक जण आळीपाळीने ते भुयार धुंडाळणार असतील तर हा खटाटोप सत्कारणी लागे. चौघांसाठी तो वाया जातो. तरीही नवखा गेम मास्टर महिनाभर देवांच्या वंशावळी, हजार वर्षांचा इतिहास आणि सात राज्यांच्या सीमा लिहीत बसतो, आणि पहिल्याच बैठकीत खेळाडू विचारतात की या गावात घोडा केवढ्याला मिळेल. (डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीच्या दरपत्रकाप्रमाणे सवारीचा घोडा ७५ सुवर्णनाण्यांना.)

लहान सुरुवातीचा जुना नमुना म्हणजे १९८० च्या सुमारास डी अँड डीच्या बेसिक संचातून आलेले गायगॅक्सचे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. सरहद्दीवरचा एक किल्ला, थोड्या अंतरावर गुहांनी पोखरलेली घळ, आणि मध्ये रान. एवढ्यावर कित्येक महिने खेळता येते. किल्ल्यातल्या माणसांना नावेसुद्धा दिलेली नाहीत. ती द्यायची गेम मास्टरने.

पाचव्या आवृत्तीच्या प्रारंभिक संचातील ‘लॉस्ट माइन ऑफ फॅनडेल्व्हर’ (२०१४) हे पहिल्या ते पाचव्या लेव्हलपर्यंतचे (लेव्हल म्हणजे अनुभवाने चढत जाणारी पात्राची पायरी) साहस आजच्या पिढीच्या कितीतरी गेम मास्टरांची पहिली शाळा ठरले. गुंड्रेन रॉकसीकर या ड्वार्फाने (बुटक्या जमातीतल्या माणसाने) पात्रांना सामानाची गाडी नेव्हरविंटर शहराहून फॅनडलिन गावच्या दुकानात पोहोचवायचे काम दिले आहे, मजुरी प्रत्येकी १० सुवर्णनाणी. वाटेत दोन घोडे मरून पडले आहेत, अंगात काळ्या पिसांचे बाण. आजूबाजूच्या झाडीत चार गॉब्लिन, म्हणजे खुजे दुष्ट राक्षस, दबा धरून आहेत. प्रसंग साधा वाटतो, पण गणित करून पाहावे. गॉब्लिन बाण मारताना फाशावर पडलेल्या आकड्यात ४ मिळवतो. जादूगाराचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १३ धरला तर वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा जास्त पडले की बाण लागला, म्हणजे शक्यता ६० टक्के. बाणागणिक सरासरी इजा साडेपाच, आणि पहिल्या लेव्हलच्या जादूगाराचे हिट पॉइंट (तो किती इजा सोसेल तो आकडा) आठच्या आसपास. दोन बाण लागले की बहुधा तो आडवा. चौघा गॉब्लिननी एकालाच लक्ष्य केले तर पहिल्या फेरीतच खेळाडू हातातली पात्रपत्रिका बघत बसतो. संपूर्ण चमू इथेच गारद झाल्याचे किस्से म्हणूनच जागोजागी ऐकू येतात.

पण या प्रसंगाची खरी हुशारी हरण्याच्या सोयीत आहे. पात्रे हरली तर गॉब्लिन त्यांना बेशुद्ध सोडून, त्यांना आणि गाडीला लुटून आपल्या गुहेकडे निघून जातात. पात्रे शुद्धीवर आल्यावर फॅनडलिनला जाऊन नवी हत्यारे घेऊ शकतात आणि परत येऊन माग काढू शकतात. हरल्यावर काय होईल हे आधीच ठरले असल्यामुळे गेम मास्टरला जीव मुठीत धरून फासे टाकावे लागत नाहीत. पहिली लढाई मांडताना एवढे एक टिपण केले तरी पुष्कळ झाले.

पहिल्या बैठकीआधीची बैठक

प्रत्यक्ष खेळाआधी एकदा जमून बोलून घ्यायचे, याला सेशन झीरो म्हणतात. खेळ गंभीर की टवाळ, पात्रे मेली तर कायमची मेली का, कोणत्या वारी किती वाजता भेटायचे, आणि पात्रे एकमेकांना मुळात ओळखतात ती कशी, हे इथे ठरते. शेवटचा प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण तो सोडला तर पहिल्या बैठकीचा अर्धा वेळ एकमेकांवर संशय घेण्यात जातो. टेबलावर कोणते विषय अजिबात नकोत आणि कोणते पडद्याआड ठेवावेत, म्हणजे घडले तरी त्यांचे वर्णन करू नये, ही विभागणी रॉन एडवर्ड्स याने रूढ केली. खेळ चालू असताना नुसते बोट ठेवून नको तो प्रसंग वगळता यावा म्हणून जॉन स्टाव्हरोपुलस याने एक्स-कार्ड, म्हणजे टेबलावर ठेवायचे X लिहिलेले कार्ड, सुचवले. जुन्या खोडांपैकी काहींना हे लाड वाटतात. अनोळखी माणसांबरोबर खेळणाऱ्याला मात्र याची गरज समजावून सांगावी लागत नाही.

तयारी

कथानक लिहून काढू नये, परिस्थिती लिहावी. डाकूंचा म्होरक्या कोण, त्याला काय हवे आहे, पात्रे आडवी आली नाहीत तर पुढच्या अमावास्येपर्यंत तो काय करील, हे ठाऊक असले की खेळाडू कुठूनही घुसले तरी उत्तर देता येते. “मग ते पुलावरून जातात” असे गेम मास्टरच्या वहीत लिहिलेले असले की पात्रे हमखास नदीत उडी मारतात, आणि मग सुरू होते ओढून ताणून पुलावर आणणे. खेळाडू याला रेलरोडिंग म्हणतात आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

रहस्यकथेच्या बाबतीत जस्टिन अलेक्झांडर याचा तीन धाग्यांचा नियम (२००८) उपयोगी पडतो. खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असे वाटते, त्याच्याकडे नेणारे किमान तीन दुवे ठेवावेत. एक सापडत नाही, दुसऱ्याचा अर्थ भलताच लावला जातो, तिसरा तारतो. याशिवाय दहा-बारा नावांची यादी जवळ असावी. खेळाडू खानावळीतल्या पोऱ्याचेही नाव विचारतात, आणि गडबडीत सुचलेले नाव वर्षभर निस्तरावे लागते.

निवाडा

पाचव्या आवृत्तीत कामाची काठिण्यपातळी ५ (अगदी सोपे) ते ३० (जवळजवळ अशक्य) अशी असते. वीस बाजूंच्या फाशावर पडलेल्या आकड्यात पात्राचे गुण मिळवून ती गाठायची. इथे आकड्यांची जाण नसेल तर खेळ नकळत हातचा जातो. मध्यम म्हणजे १५ ची पातळी, विशेष गुण नसलेल्या पात्राला ३० टक्के वेळाच साधते. पण चौघांनी एकेक करून तोच चोरकप्पा शोधला, तर कोणा एकाला तरी तो सापडण्याची शक्यता ७६ टक्क्यांवर जाते. आता उलट बाजू. पहारेकऱ्यांना चुकवून चौघांनी सरकायचे आहे आणि प्रत्येकाला ५५ टक्के संधी आहे. सगळ्यांनी जिंकलेच पाहिजे असा आग्रह धरला तर यशाची शक्यता जेमतेम ९ टक्के. म्हणून नियमांत गटाच्या चाचणीची सोय आहे. निम्म्यांना जमले तर सगळ्यांना जमले, आणि शक्यता पुन्हा ७६ टक्क्यांपर्यंत येते. हे माहीत नसलेला गेम मास्टर चोरीची प्रत्येक योजना नकळत मारामारीत लोटतो, आणि मग आपले खेळाडू डोके चालवत नाहीत अशी तक्रार करतो.

गेम मास्टरने समोर उभ्या केलेल्या आडोशामागे फासा टाकून निकाल गुपचूप बदलावा का, यावर टेबलागणिक मत वेगळे. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. जो निकाल सोसवणार नाही, त्यासाठी फासा उचलूच नये. आणि उचलला तर पंचाने तो पाळावा.

नियम आठवत नसेल तर पुस्तक चाळत दहा मिनिटे घालवण्यापेक्षा तात्पुरता निर्णय द्यावा, तो टिपून ठेवावा आणि खरा नियम पुढच्या वेळी सांगावा.

कॅम्पेन टिकणे

अर्थपूर्ण कॅम्पेनसाठी काळाची काटेकोर नोंद ठेवलीच पाहिजे, असे गायगॅक्सने १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये चक्क मोठ्या अक्षरांत बजावले. अनेक चमू एकाच जगात वावरत असत तेव्हा कोण कोणत्या दिवशी कुठे होते हे न कळले तर सगळा घोळ होई. आज खेळातल्या पंचांगापेक्षा खेळाडूंचे पंचांग जास्त छळते. परीक्षा, बाळंतपणे, बदल्या आणि शनिवारची लग्ने यांनी जेवढी कॅम्पेने मोडली, तेवढी कोणत्याही ड्रॅगनने मोडली नसतील. वार ठरवून टाकणे आणि एखादा आला नाही तरी खेळणे, हा सर्वांत चालणारा तोडगा. बेन रॉबिन्स याच्या ‘वेस्ट मार्चेस’ या कॅम्पेनने तर ठरलेला चमू आणि ठरलेला वार दोन्ही काढून टाकले. खेळाडूंनीच आपसांत जमवून कधी आणि कुठे जायचे ते गेम मास्टरला कळवायचे, आणि दर बैठकीच्या शेवटी गावात परतायचे. १९७४ च्या क्लबाचीच ही नवी बांधणी.

२०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या प्रक्षेपणामुळे व्यावसायिक आवाज-कलाकारांचा खेळ घरबसल्या पाहता येऊ लागला. खेळाडू वाढले, आणि प्रत्येक गेम मास्टरने मॅथ्यू मर्सरसारखे वीस आवाज काढावेत ही अपेक्षाही त्यांच्याबरोबर आली. पंचाच्या कामाला आवाज लागत नाही.

मराठी टेबल

मराठी मंडळींच्या टेबलावर साधारणपणे नियम इंग्रजीत आणि बोलणे मराठीत चालते. “माझा सेव्ह गेला रे, आता काय?” (सेव्ह म्हणजे संकटातून वाचण्यासाठी टाकलेला फासा) हे वाक्य कोणाला खटकत नाही. इंग्रजी पुस्तकाने कधीच न विचारलेला एक प्रश्न मात्र इथे पहिल्या मिनिटालाच येतो. सरदार पात्रांना अहो-जाहो करील की अरे-तुरे, आणि गॉब्लिनच्या टोळीप्रमुखाशी पात्रांनी कसे बोलावे? यातून पात्रांची पायरी आपोआप उघड होते. सरदाराने एखाद्यालाच “आपण बसा” म्हटले की बाकीचे तिघे लगेच चमकून पाहतात.

पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संदर्भसंच (एसआरडी ५.१) डी अँड डी प्रसिद्ध करणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. परवाने आवळण्याच्या कंपनीच्या बेतावर खेळाडूंनी रान उठवल्यानंतर हा निर्णय झाला. श्रेयनिर्देश करून ते नियम भाषांतरित करणे, बदलणे आणि विकणेही आता कोणालाही मोकळे आहे, मराठीत करणाऱ्यालाही.