सव्वा महिना (बाळंतिणीची निगा, पुणे परिसर)

सव्वा महिना : बाळंतपणानंतर आई आणि तान्हे बाळ यांनी घरातच, बहुधा आईच्या माहेरी, विश्रांती आणि पथ्यपाणी सांभाळून काढायचा काळ. पहिलटकरणीला सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी आणण्याची चाल पुण्यात अजून टिकून आहे. ते जमणारे नसेल तर आईच कपड्यांची बॅग आणि लाडवांचे डबे घेऊन लेकीच्या फ्लॅटवर मुक्कामाला येते. आयुर्वेद सूतिकाकाल दीड महिन्याचा मानतो, प्रसूतिशास्त्र सहा आठवड्यांचा; गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो.

या काळाचा खरा पसारा खुराकाचा. खारीक, खसखस, बाळंतशेपा, वावडिंग ही यादी घेऊन पेठांतल्या काष्ठौषधींच्या दुकानी जायचे काम आजीचे. डिंकाच्या लाडवासाठी डिंकाचे बारीक खडे थोडेथोडे कढत तुपात सोडतात. ते लाह्यांसारखे फुलले पाहिजेत. घाई केली तर डिंक आतून कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. अळीव नारळाच्या पाण्यात भिजवून ओले खोबरे आणि गूळ घालून शिजवतात. अळिवाने दूध वाढते ही समजूत पक्की असली तरी दूध वाढते ते मुख्यतः बाळाला वरचेवर अंगावर घेतल्याने. तरीही लाडू वाया जात नाही : अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. कमी पडते ते डाळ, पालेभाजी आणि अंडे. निम्म्या भाज्या वातूळ म्हणून बंद आणि तहान लागली तरी पाणी मोजून, हा हट्ट सोडलेला बरा.

अंगाला तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालणे आणि मग शेकशेगडी हा रोजचा क्रम. बाजेखाली निखाऱ्यांवर ओवा, शेपा टाकून धुरी देणे उघड्या सोप्याच्या वाड्यात एक वेळ खपले असेल. खिडक्या लावलेल्या फ्लॅटच्या खोलीत कोळशाचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड बाळाच्या जिवावर बेतू शकतात.

बाळाच्या बाबतीत जुन्या रीतींपैकी बरेच काही गाळावे लागते. आईच्या दुधाचा पहिला पिवळसर, दाट चीक पूर्वी काढून टाकत. तोच बाळाला रोगांपासून जपतो, म्हणून जन्मानंतर तासाभरात पाजायला घ्यावे. मधाचे बोट पहिल्या वर्षात नको. सहाणेवर उगाळलेली गुटी आणि वरचे पाणी सहा महिने नको. आईच्या दुधात पाणीही आलेच. पाचवीच्या रात्री पाटावरवंटा मांडून सटवाई पुजतात आणि घरातले जागे राहतात. नाळेतून होणारा धनुर्वात नेमका पहिल्या एकदोन आठवड्यांत गाठत असे, हे लक्षात घेतले तर त्या जागरणामागची धास्ती समजते. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे २०१५ मध्ये भारतात नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य झाले.

हे कोडकौतुक सगळ्यांच्या वाट्याला कधीच नव्हते. फसवल्या गेलेल्या विधवांना गुपचूप, सुखरूप बाळंत होता यावे म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. शहराच्या इतिहासात बाळंतिणीच्या निगेचे नाव घ्यायचे तर डिंकाच्या लाडवाआधी याचे घ्यावे.

बाळंतिणीचे लाड होतात, गरोदर बाईचे तेवढे नाहीत, ही या रीतीची मोठी उणीव. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ पासून जवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा अभ्यास केला. हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध ज्यांच्या खाण्यात अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. पुढे दिसले की ज्या आयांच्या रक्तात फोलेट (फॉलिक आम्लाच्या जातीचे जीवनसत्त्व) भरपूर पण बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे नेणारा इन्सुलिन-प्रतिरोध (इन्सुलिन अंगी नीट न लागणे) अधिक होता. शाकाहारी घरांत म्हणूनच दूध-दही आणि बी-१२ची तपासणी यांकडे डोहाळजेवणाच्या कितीतरी आधी लक्ष द्यायला हवे.

सरकारी शिरस्त्यानुसार गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह) आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस तीच. चहाबरोबर घेतली तर लोह नीट लागत नाही. लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्यावी. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली गेले की रक्तक्षय. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते.

सव्वा महिना घराबाहेर पडायचे नाही हा नेम आजारपणात पाळू नये. तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, ताप, एकाच पोटरीला सूज आणि ठणका, डोके फुटेल असे दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके आले तर लगेच रुग्णालय गाठावे. १०२ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत येते. रडू येणे, झोप न लागणे, बाळाचा कंटाळा हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर तेही डॉक्टरांना सांगायचे दुखणे आहे, दृष्ट काढून जाणारे नव्हे.