रोलर डर्बीतील गुणपद्धती

रोलर डर्बी हा चाकांचे बूट घालून, लंबगोल ट्रॅकवर अंगाला अंग भिडवत खेळला जाणारा सांघिक खेळ आहे. यात चेंडू नसतो. प्रतिस्पर्ध्याला ओलांडले की गुण मिळतो. लिओ सेल्त्झर यांनी 1935 मध्ये शिकागोत हा प्रकार सुरू केला तेव्हा ती केवळ दमछाक करणारी लांब शर्यत होती. धक्के आणि ओलांडण्याचे गुण नंतर आले. सपाट ट्रॅकवरचा आजचा खेळ या शतकाच्या सुरुवातीला टेक्ससमधील ऑस्टिन शहरात नव्याने उभा राहिला. पुढील नियम 2004 मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स फ्लॅट ट्रॅक डर्बी असोसिएशनचे आहेत, म्हणून खेळाडूंचा उल्लेख स्त्रीलिंगी केला आहे.

सामना 30 मिनिटांच्या दोन सत्रांचा असतो आणि प्रत्येक सत्रात जास्तीत जास्त 2 मिनिटांचे अनेक 'जॅम', म्हणजे छोटे डाव, होतात. दर जॅमला प्रत्येक संघाच्या पाच जणी उतरतात : वाट अडवणाऱ्या चार ब्लॉकर आणि हेल्मेटवर चांदणी मिरवणारी एक जॅमर. गुण मिळवते ती फक्त जॅमर. दोन्ही संघांच्या ब्लॉकर मिळून जो घोळका होतो तो 'पॅक'.

पहिल्यांदा पॅकमधून निघताना गुण मिळत नाहीत, आणि नवखा प्रेक्षक नेमका इथेच गोंधळतो. त्यानंतर वळसा घालून पुन्हा पॅकमध्ये शिरल्यावर मात्र ओलांडलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्धी ब्लॉकरमागे एक गुण, म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त चार. प्रतिस्पर्धी जॅमरला मागे टाकल्याचा पाचवा गुण पूर्वी असे, तो आता रद्द झाला आहे. ओलांडले की नाही हे कमरेवरून ठरते. जॅमर पायांवर उभी आणि हद्दीच्या आत असावी लागते. रेषेबाहेर ढकलली गेली तर जिने ढकलले तिच्या मागूनच तिने परतायचे. पुढून घुसली तर 30 सेकंदांची शिक्षा. हवेत असताना रेषा बंधनकारक नसते. त्यामुळे वळणाचा आतला कोपरा उडी मारून कापला आणि आत पाय टेकून तोल सावरला, तर त्या झेपेत ओलांडलेल्या साऱ्याजणी मोजल्या जातात. शिक्षेच्या बाकावरची ब्लॉकरही सुटत नाही. त्या फेरीत कुणा एकीला ओलांडले की तिचाही गुण जमा होतो. प्रत्येक जॅमरमागे एक रेफरी धावतो आणि फेरीचे गुण बोटांनी दाखवतो.

डावपेचांचा खरा कस मात्र गुण मोजण्यापेक्षा जॅम थांबवण्यात लागतो. पहिल्या फेरीत शिक्षा न ओढवता पॅकमधून आधी निघणारी 'लीड जॅमर' ठरते. दोन्ही हात कमरेवर वारंवार आपटून ती जॅम केव्हाही संपवू शकते. समजा, लाल संघाच्या लीड जॅमरने चौघींना ओलांडले आणि तेवढ्यात निळी जॅमर पॅकच्या शेपटाशी पोचली. लालने त्याच क्षणी कमरेवर हात मारले तर 4-0. आणखी चार गुणांच्या हावेने ती पुढे गेली आणि पॅकमध्ये अडकली, तर निळीही भराभर गुण उचलणार. म्हणून आघाडीवरचा संघ छोटे जॅम खेळतो आणि पिछाडीवरचा जोखीम पत्करतो. लीड जॅमरला शिक्षा झाली तर हा अधिकार जातो, पण प्रतिस्पर्धी जॅमरकडे आपोआप जात नाही. जॅम पूर्ण दोन मिनिटे चालू शकतो.

दमलेली जॅमर चांदणीचे आवरण पट्टेवाल्या ब्लॉकरच्या, म्हणजे 'पिव्हट'च्या, हाती देऊ शकते. पिव्हट तीच फेरी पुढे नेते. लीडचा हक्क मात्र तिला मिळत नाही.

बरोबरी झाल्यास जादा जॅम होतो. त्यात लीड जॅमर नसते, पहिल्या फेरीपासूनच गुण मोजतात आणि दोन मिनिटे पुरी होईपर्यंत कुणालाच तो थांबवता येत नाही.