एअर स्क्रू की फ्युएल स्क्रू? लेहला निघण्याआधी एवढं बघून घ्या

कार्बोरेटरवाली (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग असलेली) गाडी घेऊन लेहला निघालात की सल्ला ठरलेला, "वर गेल्यावर स्क्रू अर्धा आटा (अर्धा फेरा) खोल". कुठला स्क्रू ते कोणी सांगत नाही आणि गोची तिथेच आहे, कारण एका गाडीत तो खोलला की हवा-पेट्रोलचं मिक्स्चर लीन होतं (पेट्रोल कमी) आणि दुसरीत रिच (पेट्रोल जास्त).

उंचीवर सगळ्यांना लीनच करायचं असतं. लेहजवळची खारदुंगला खिंड 5,359 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास, पण जेटमधून (पेट्रोल येतं त्या बारीक भोकातून) येणारं पेट्रोल काही त्या मानाने कमी होत नाही. मग काळा धूर, काळा प्लग, पेट्रोलचा वास आणि आयडलिंगला गाडी बंद.

आता एअर स्क्रू हवा कमीजास्त करतो, म्हणून तो स्लाइडच्या (थ्रॉटल दिला की वर सरकणाऱ्या झडपेच्या) एअर फिल्टरकडच्या बाजूला असतो. यामाहा आरएक्स 100 मधला मिकुनी व्हीएम कार्बोरेटर हा त्यातलाच. खोलला की हवा जास्त, म्हणजे लीन. फ्युएल स्क्रू मात्र इंजिनाकडच्या बाजूला, बऱ्याचदा खालून, डायफ्रामवाल्या सीव्ही कार्बोरेटरमध्ये साधारण हाच असतो आणि कधीकधी त्यावर पितळी बूच ठोकलेलं असतं. हा खोलला की पेट्रोल जास्त, म्हणजे रिच, म्हणून उंचीवर याला खोलायचं नाही तर आत घ्यायचं. थोडक्यात स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा, मगच स्क्रूड्रायव्हर काढा.

आणि आयडलिंगचा स्क्रू यातला नाहीच हो! गाडी बंद पडते म्हणून लोक तोच पिळून रेस वाढवतात आणि ट्यूनिंग केलं म्हणतात, मिक्स्चर आहे तसंच राहतं.

कुठलाही स्क्रू असो, इंजिन गरम असताना पाव-पाव आटा फिरवा. पण घरून निघायच्या आधीच, गाडी बंद ठेवून, तो हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन किती आटे लागले ते मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि परत तेवढाच खोला. आत नेताना जोर लावलात तर टोक आणि त्याची बैठक दोन्ही खराब होतात.

अपेक्षा मात्र माफक ठेवा, हे दोन्ही स्क्रू आयडलिंग ते साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच काम करतात. चढावर फुल थ्रॉटलला गाडी गुदमरत असेल तर लहान मेन जेट लागतो, आणि मधल्या थ्रॉटलला त्रास असेल तर स्लाइडला लटकणाऱ्या सुईची क्लिप एक खाच वर घ्यायची, म्हणजे सुई खाली बसते आणि पेट्रोल कमी येतं (खाचा असतील तर, बऱ्याच सीव्हीच्या सुईला नसतात).

खाली उतरल्यावर लिहून ठेवलेल्या आट्यांवर परत या, जेट-क्लिप बदललं असेल तर तेही आधी पूर्ववत करा. उंचीवरच्या जेटवर मनालीच्या खाली सपाटीला गाडी पळवली तर ती लीन चालते, इंजिन तापतं, आणि टू-स्ट्रोक असेल तर पिस्टन जाम होऊ शकतो.

इंजेक्शनवाल्यांना ही भानगड नाही, सेन्सर हवेचा दाब बघून पेट्रोल स्वतःच कमी करतो. ताकद त्यांचीही जातेच, दर हजार फुटांना साधारण 3 टक्के.