मेक्सिकोतील अमली पदार्थ टोळीयुद्धे

मेक्सिकोतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गांजा, हेरॉइन, कोकेन, मेथॅम्फेटामिन व अलीकडे फेंटानिल पोहोचविणाऱ्या टोळ्यांमधील सशस्त्र संघर्ष. भांडण मालापेक्षा वाटेचे असते. तिहुआना, सिउदाद ह्वारेस, न्यूवो लारेदो यांसारखी सीमेवरची नाकी ज्या टोळीच्या ताब्यात, ती इतरांकडून माल पुढे नेण्याबद्दल हप्ता घेते.

या हद्दी कोणी वाटून दिल्या, याबाबत मतभेद आहेत. ग्वादालाहारा टोळीचा म्होरक्या मिगेल आंखेल फेलिक्स गायार्दो ८ एप्रिल १९८९ रोजी पकडला गेला. त्याने त्या सुमारास आकापुल्को येथे टोळीप्रमुखांना बोलावून नाकी वाटून दिली, ही प्रचलित कथा. तुरुंगातील टिपणांत त्याने मात्र हे नाकारून वाटणीचे श्रेय ग्येर्मो गोन्सालेस काल्देरोनी या पोलीस अधिकाऱ्याला दिले. आरोपीचीच साक्ष ती. तिला किती वजन द्यायचे, हा प्रश्न उरतोच. तरीही तस्करी दीर्घकाळ राजकीय सत्तेच्या अंकित होती, हे समाजशास्त्रज्ञ लुइस आस्तोर्गा यांचे प्रतिपादन ध्यानी घेता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. ७१ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष २००० मध्ये पायउतार झाला व ही पकड सुटली, असे सामान्यतः म्हटले जाते. प्रांतांत ती आधीच ढिली होऊ लागली असावी. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया राज्याचे गव्हर्नरपद १९८९ मध्येच विरोधकांकडे गेले होते.

मेक्सिकोच्या आखातालगतच्या ‘आखाती’ टोळीने माजी सैनिकांची ‘सेतास’ ही सशस्त्र शाखा उभारली, तेव्हापासून संघर्षाला लष्करी वळण लागले. २०१० मध्ये दोघांत फूट पडली. राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी डिसेंबर २००६ मध्ये मिचोआकान राज्यात सैन्य उतरविले. म्होरके पकडले गेले, पण प्रत्येक अटकेनंतर वारसांत तंटे होऊन टोळ्यांची संख्या वाढली. सिनालोआ व ह्वारेस टोळ्यांच्या झुंजीत सिउदाद ह्वारेस शहरात २०१० या एका वर्षात ३,००० हून अधिक खून झाले. पुढे ते घटले. सरकारी योजनांपेक्षा सिनालोआ टोळीची सरशी हे त्याचे कारण असावे.

सामाजिक परिणामांपैकी खुनांची मोजदाद होते, बाकीच्यांची क्वचितच. ऑगस्ट २०१० मध्ये सान फेर्नांदो येथे ७२ स्थलांतरितांची हत्या झाली. मिचोआकानमध्ये लिंबू व ॲव्होकाडो बागायतदारांवर खंडणी बसली. २०१३ मध्ये तेथील गावकऱ्यांनी स्वतःच बंदुका उचलल्या. नोंदलेल्या बेपत्ता व्यक्तींचा आकडा २०२२ मध्ये एक लाखावर गेला. त्यांच्या शोधाचे काम बव्हंशी त्यांच्या मातांच्या गटांकडे आहे: संशयित जागी लोखंडी सळई ठोकायची, उपसून टोकाचा वास घ्यायचा, कुजका वास आला तर खणायचे.

जुलै २०२४ मध्ये सिनालोआ टोळीचा म्होरक्या इस्माएल सांबादा अमेरिकेत पकडला गेला. त्याचे साथीदार व त्याच टोळीचा पूर्वीचा म्होरक्या होआकिन गुस्मान (‘एल चापो’) याच्या मुलांचा गट यांच्यात सप्टेंबरपासून कुलिआकान शहरात लढाई सुरू झाली. तेथील शाळा व दुकाने वारंवार बंद राहिली.